दुसरी बाही

१

सकाळी हे हुपरीच्या गाडीला गेले की घर माझ्या एकटीचं व्हायचं. हे म्हणजे श्रीशैल. नाव घ्यायची सवय नाही, पण सांगताना कोण कुणाचं ते कळावं म्हणून एकदा घेते. हुपरीत सासऱ्यांचा पैंजणांचा घरगुती कारखाना होता, आणि आम्ही दोघं कोल्हापुरात, मंगळवार पेठेत माडीवरच्या दोन खोल्यांत भाड्यानं राहत होतो. कारण एवढंच की दवाखाना जवळ हवा.

सातवा लागला तेव्हा डॉक्टरबाईंनी माझा जिना बंद केला. "चढायचं नाही, उतरायचं नाही, वाकायचं नाही. बसा, निजा, खा," म्हणाल्या. याआधी दोनदा माझी कूस रिकामी झाली होती. पहिल्यांदा अगदी लवकर. दुसऱ्यांदा आठव्यात. दुसऱ्याचं तोंड मला दाखवलं नाही.

पण मी काही रडत बसणारी बाई नव्हे. सकाळी आंघोळ, लिंगपूजा, बेल, समईत दोन वाती. सोमवारचा उपास डॉक्टरबाईंनी मोडायला लावला, तेव्हा मी मीठ सोडलं. अनवाणी जोतिबाला जायचं बोलले होते, ते बाळंतपणानंतरवर ढकललं. सगळेच नवस चालून फेडायचे, आणि मला तर उंबऱ्याबाहेर पाऊल टाकायची बंदी. मग हुपरीहून आत्ती आल्या. आमच्यात सासूला आत्ती म्हणतात. त्यांनीच बसून करायचा नवस सांगितला.

"पाच लेकुरवाळ्या घरांतनं लोकर मागून आण. मागितलेलं कापड अंगावर असलं की लेकराला कुणाची नजर लागत न्हाय. त्याचा तू स्वतःच्या हातानं स्वेटर कर. दुसऱ्याचा टाका नगं. आणि एक ध्यानात ठेव, रुद्राणी, नवसाचं उसवायचं न्हाय. उसवलं म्हंजे दिलेलं परत मागितलं."

मी हो म्हणाले. आणि त्यात माझा मी आणखी एक नेम घातला. पोथी वाचताना अध्याय अर्धा टाकून आपण उठत नाही. तशी ओळ अर्धी टाकून उठायचं नाही. ओळ सुरू केली की ती पुरी होईपर्यंत जागचं हलायचं नाही. हे मला कुणी सांगितलं नव्हतं. देवापुढं बसल्या बसल्या सुचलं, आणि सुचलं तेव्हा फार बरं वाटलं.

२

लोकर धोंडुबाईनं आणली. धोंडुबाई आमच्याकडं भांड्याला यायची आणि पेठेतली सगळी घरं तिला आतून माहीत होती. पदरात गुंडाळून आणलेलं तिनं माझ्यापुढं ओतलं. लाल, हळदी पिवळी, पोपटी, निळी आणि कुणाकडचा तरी राणीकलरचा गुंडा.

"रंगपंचमी झाली बगा," धोंडुबाई म्हणाली. "ह्यात लेकरू हुडकायला लागणार न्हाय. रंकाळ्यावर सोडलं तरी घरातनं दिसंल."

विणायला शिकवलं कालिंदीआक्कांनी. त्या खालच्या मजल्यावर राहायच्या, मुलींच्या शाळेत शिवणकाम शिकवून निवृत्त झालेल्या. शिकवायची खोड गेली नव्हती. मी आयुष्यात क्रोशाची सुई हातात धरली नव्हती.

"सुई अशी धर. लाटणं नव्हे ते."

"धरलीय की, आक्का."

"गळा आवळल्यासारखी धरलीयस. सोड जरा. आता ही साखळी. साखळीत सुई घाल, धागा ओढ, दोन्ही फासे एकत्र काढ. हा झाला मुका खांब."

"मुका का?"

"बुटका असतो म्हणून. तू गप्प बसून विणावंस म्हणून नव्हे."

पहिल्या ओळी वेड्यावाकड्या झाल्या. एका बाजूला टाके वाढत गेले, दुसऱ्या बाजूला गळाले, आणि पाठीचा तुकडा शेजारच्या भिंतीसारखा कलला. आक्कांचा हात उसवायला पुढं आला की मी स्वेटर पोटाशी धरायची. "अगं, चार ओळी उसवून नीट कर," त्या म्हणायच्या. मी नवसाचं सांगितलं तेव्हा त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "देवाला वाकडं चालतं का?" मी म्हणाले, "देवाला वाकडंच येतं माझ्याकडून, आक्का. सवय आहे त्याला." त्या हसल्या.

ओळ संपली की उठून पाणी प्यायची, देवापुढची वात सारायची. मग पुढची ओळ. दिवस कसे चांगले गेले, काय सांगू.

३

पाठ झाली, पुढच्या दोन बाजू झाल्या. खांद्यावर आणि कुशीला मी त्या जोडल्या, आणि पहिल्यांदाच त्या चिंध्यांचा कपडा झाला. बाह्या तेवढ्या राहिल्या. आक्का म्हणाल्या, बाह्या खांद्याच्या भोकापासून थेट मनगटापर्यंत गोल विणू, म्हणजे शिवण टोचायची नाही.

स्वेटर मी देवळीखाली वेताच्या परडीत ठेवायची. एका सकाळी पूजा आटपून उचलला तर गरम लागला.

छपराच्या कौलात एक काच होती, तिच्यातून उन्हाचा चौकोन खाली पडायचा. तो परडीवर आला असेल म्हणून मी वर पाहिलं. ऊन अजून भिंतीवरच होतं. मग समईची धग. पण समई पल्याड होती, आणि परडीचा वेत थंडगार होता.

उन्हात तापलेला कपडा वरून तापतो. हा आतून गरम होता. काखेत जास्त, पाठीच्या मध्यावर जास्त, कडांना कमी. अंगातून नुकताच काढलेला कपडा असतो तसा.

मी तो थोडा वेळ दोन्ही हातांत धरून बसले. मग स्वतःशी म्हणाले, लोकर आहे, लोकर ऊब धरते. धरू दे की. त्यासाठीच तर करतेय.

४

दुसऱ्या की तिसऱ्या दिवशी धोंडुबाईनं केर काढताना परडी सरकवली आणि स्वेटर उचलून पाहिला.

"बाई, हे कुणाच्या अंगातलं हाय?"

"कुणाच्या म्हणजे? अजून बाह्या कुठं झाल्यात?"

"मग पाठीला असं का झालंय? बगा की. आमच्या नातवाच्या झबल्याला असे गोळे येत्यात. दिसभर भुईवर लोळतंय गाढव."

खरंच पाठीवर लोकरीचे बारीक गोळे आले होते. नव्या लोकरीला येत नाहीत तसे, वापरून घासून आलेले. गळ्याच्या काठाला, हनुवटी टेकते तिथं, एवढीशी जागा कडक झाली होती. मी नाकाशी नेली. दुधाचा आंबूस वास आला, ओकारीचा.

"मागून आणलेली लोकर," मी म्हणाले. "कुणाच्या घरात कशी पडून होती कोण जाणे."

"मी आणली तवा गुंडं नवंकोरं हुतं," धोंडुबाई म्हणाली. "वास बी न्हवता." आणि केर तसाच ठेवून ती भांडी घासायला मोरीत गेली.

मला भीती वाटली नाही, हे खरं सांगते. मला वाटलं, हा संकेत आहे. जे पुढं व्हायचं ते देव आधी दाखवतो. हा स्वेटर लोळून लोळून विटणार, याच्यावर दूध सांडणार, म्हणजे तो घालणारं येणार आणि राहणार. मी परडीला विभूती लावली. पोटावर हात ठेवून म्हटलं, "बघितलंस? आलायस न आलायस तोवर विटवलास की."

पोटातून काही उत्तर आलं नाही.

५

तेव्हा लक्षात आलं ते आधीच यायला हवं होतं.

बाळ पहाटे फिरायचं. मी वात लावेपर्यंत पोटात नुसता धुमाकूळ. मग पूजा होऊन मी स्वेटर हातात घेतला की शांत. मला वाटायचं, माझा जीव रमला की त्याचाही रमतो. आता मी नीट पाहू लागले. स्वेटर थंड असला की पोट हलायचं. स्वेटरला ऊब आली की पोट दगड. एकदाही दोन्ही एका वेळी नाही.

योगायोग असेल म्हणून मी देवाचं नाव घेत बसले. नामस्मरणात मन लागेना. एक हात पोटावर, एक परडीत.

तपासणीच्या दिवशी ह्यांनी आणि पेठेतल्या दोघांनी मला खुर्चीत बसवून जिन्यावरून उतरवलं. रिक्षा गल्लीच्या तोंडाला गेली आणि बाळानं अशी लाथ मारली की मी ह्यांचा हात धरला. दवाखान्यात तर ते एका जागी ठरेना. डॉक्टरबाई हसल्या. "ठोके छान आहेत. खेळकर आहे. आता थोडेच दिवस."

घरी आलो. ह्यांनी कुलूप काढून दार ढकललं तर ते पुरतं उघडेना. दाराच्या आतल्या अंगाला काहीतरी मऊ अडकलं होतं. ह्यांनी फटीतून हात घालून ओढून काढलं. स्वेटर होता.

"उंदरानं वढून आणलं असंल," हे म्हणाले.

परडी खोलीच्या त्या टोकाला होती. ह्यांनी स्वेटर झटकला, परडीत ठेवला आणि मग आपल्याच तळहाताकडं बघत उभे राहिले.

"हे गरम कसं लागतंय गं?"

"लोकर आहे," मी म्हणाले.

माझं पोट उंबरा ओलांडतानाच गप्प झालं होतं.

त्या संध्याकाळी मी सगळ्या वाटा मनात चालून पाहिल्या. स्वेटर तसाच अर्धा सोडला तर नवस अर्धा. उसवला तर दिलेलं परत मागितलं. घराबाहेर कुणाला देऊन टाकला, तर काय देऊन टाकलं हे मलाच कळलं नसतं. चौथी वाट एकच होती. लवकर पुरा करायचा, देवाच्या पायावर घालायचा आणि म्हणायचं, घे, तुझं तुला. त्या वाटेच्या शेवटी मला उजेड दिसत होता. मी तशीच आहे. मला दिसतो.

६

पहिली बाही आक्कांनी शेजारी बसून करवून घेतली. गोल विणायचं मला जमत नव्हतं. फेरा पुरा झाला की आक्का म्हणायच्या, "थांब. शेवटचा टाका पहिल्यात अडकवायचा, मग वर चढायचं." त्या बोट ठेवून जागा दाखवायच्या आणि मी सुई घालायची. फेरा बंद झाला की माझी ओळ पुरी. मी उठायची, पाणी प्यायची, बसायची.

बाही मनगटाशी आली तेव्हा हात भरून आले होते. "आण जरा माझ्याकडं," आक्का म्हणाल्या. "टाका घालत नाही, भिऊ नकोस. नुसती बघते." त्यांनी स्वेटर मांडीवर घेतला.

खाली आक्कांच्या घरात टीव्ही तसाच चालू राहिला होता. कसलं तरी स्वयंपाकाचं चाललं होतं. आक्का मला शाळेतल्या कुणा मुलीची गोष्ट सांगत होत्या, जिनं परीक्षेत लेंग्याला तीन पाय केले होते. मी हसले आणि माझी नजर त्यांच्या मांडीवर गेली.

मांडी हलत होती. पाय जमिनीवरच, टाच वरखाली, एका लयीत. लेकरू निजवताना बायकांची मांडी हलते तशी. डावा हात स्वेटरच्या पाठीवर थोपटत होता. बोलणं परीक्षेचंच चाललं होतं.

"आक्का," मी म्हणाले.

त्यांनी खाली पाहिलं. मांडी थांबली. लगेच त्यांनी हात उचलला नाही, आणि तेच मला विसरता येत नाही. आधी अगदी सावकाश, जाग येऊ नये अशा बेतानं, त्यांनी हात काढला. स्वेटर दोन्ही हातांवर उचलून परडीत ठेवला. तान्ह्याची मान सावरायला पसरतात तशी बोटं पसरून.

"मी शिरोळला जाऊन येते," त्या म्हणाल्या. "अस्मिताकडं. बरेच दिवस बोलावतेय."

"माझी दुसरी बाही?"

"करशील तू. येतंय की तुला."

"आक्का, तुम्हाला काही वाटलं का?"

त्या जिन्याच्या तोंडाशी पोचल्या होत्या. "रुद्राणी, तुझ्या पोटावर हात ठेवत जा बाई," त्या म्हणाल्या. "याच्यावर नको." आणि खाली गेल्या. अस्मिता त्यांची मुलगी. ती पुढच्या आठवड्यात स्वतःच कोल्हापूरला येणार होती, हे आक्कांनीच मला सांगितलं होतं.

७

दुसरी बाही मी सोमवारी सुरू केली. पहाटे पोट अगदी थोडंसं हललं होतं, झोपेत कूस बदलावी तसं. स्वेटर गरम होता. मी ह्यांना काही बोलले नाही. आज बाही होईल, आजच देवाला वाहीन, संध्याकाळपर्यंत सगळं सुरळीत होईल. हे गाडीला गेले. मी देवापुढं पाट घेतला, भिंतीला टेकून बसले आणि खांद्याच्या भोकात पहिला टाका घातला.

हाताला आता वळण लागलं होतं. पोपटीवरून निळ्यावर, निळ्यावरून राणीवर, नवा रंग जुन्याला जोडत चालले. तोंडानं शिवाचं नाव. पाणी प्यावंसं वाटलं तेव्हा म्हटलं, हा फेरा संपला की उठू.

फेरा संपेना.

मी विणत राहिले. मग थांबून पाहिलं. पहिला टाका कुठं आहे ते शोधू लागले. तो खाली, खूप खाली होता. फेरा त्याच्यावरून कधीच पुढं निघून गेला होता, आणि त्याच्यावर दुसरा, त्याच्यावर तिसरा, जिलबीसारखे एकातून एक. मी अडकवायचं विसरले होते. पहिल्या बाहीला जागा आक्का दाखवत होत्या. आज दाखवायला कुणी नव्हतं आणि मला आठवलं नव्हतं. सकाळपासून मी एकच ओळ विणत होते, आणि या ओळीला शेवट नव्हता.

मी आधी हसले. मग हसू कमी झालं.

इथंच एक टाका अडकवला आणि म्हटलं की संपली ओळ, तर? पण ती ओळ मी संपवलेली असती, ती संपलेली नसती. नेम कुणापुढं घेतला होता? फसवायचं कुणाला? आणि मागं जाऊन पहिल्या फेऱ्याशी नीट बंद करायचं तर सगळं उसवायला हवं. उसवायचं नाही, अशी आत्तींची ताकीद. उठायचं नाही, असा माझा नेम. दोन्हींच्या मध्ये पाटाएवढी जागा, आणि त्या जागेत मी.

दोनदा लेकरू असंच हाताशी येऊन गेलं होतं. तुम्ही उठला असता का? मी नाही उठले. म्हटलं, विणत राहू. काहीतरी सुचवील तो.

बाहीत सुई जाताना आतून अडत होती. मऊ काहीतरी मधे येत होतं. मी सुई तिरकी घालू लागले. टोचू नये म्हणून. कुणाला, हे मी मनाला विचारलं नाही.

८

धोंडुबाई आली तेव्हा कौलातल्या काचेचं ऊन माझ्या गुडघ्यावर आलं होतं.

"सकाळपासनं हितंच हाय व्हय? आंबील तरी पिलाय का?"

"ओळ व्हायचीय."

तिनं वाकून बाही पाहिली. "अगंबया. ही कुणाची बाही? ही माज्या हाताला यील की. लेकरू हाय का पैलवान?"

बाही खरंच लांब झाली होती, पहिलीच्या दुप्पट. मांडीवरून उतरून पाटावर आली होती. आणि सपाट पडली नव्हती. लोकरीची रिकामी बाही सपाट पडते. ही कोपराशी थोडी वाकून, भरून पडली होती. मी का थांबत नव्हते ते मला तेव्हाच कळलं. बाहीचं तोंड उघडं होतं, आणि मला ते आणखी एक फेरा, आणखी एक फेरा करत पुढं ढकलायचं होतं. आतलं बाहेर येऊ नये म्हणून.

धोंडुबाईचं हसणं थांबलं. ती बाहीकडं बघत नव्हती. माझ्या पाटाकडं बघत होती. "बाई, तुमचं लुगडं भिजलंय."

मला ओल लागली होती. कंबरेतून कळही येऊन गेली होती, एकदा, दोनदा. ती पाय अवघडल्यामुळं आली असं मी समजत होते.

"उठा. उठा की. दवाखान्यात जायाचं हाय."

"ओळ—"

"कसली वळ? हे गोल हाय बाई. गोलाला कुठला आलाय श्येवट?" तिनं माझ्या काखेत हात घातले. मी भिंतीला घट्ट टेकले. "धोंडुबाई, माझा नेम आहे. दोनदा गेलंय माझं. तू फक्त ह्यांना बोलाव."

तिनं मला सोडलं. "बाळ हलतंय का?" तिनं विचारलं.

मी पुढचा टाका घातला.

"बाई, पोट हलतंय का?"

"सकाळी थोडं हललं होतं."

तिनं कपाळावर हात मारला आणि जिना उतरली. कोपऱ्यावरच्या टेलिफोनवाल्याकडून हुपरीला आणि दवाखान्यात फोन करवते, मालकांना घेऊन रिक्षानंच येते, असं ओरडत गेली. खालचा दरवाजा आपटला. मग घरात काही आवाज उरला नाही. खालचा टीव्हीही बंद होता. फक्त लोकर ओढली जाण्याचा आवाज, आणि अगदी जवळून, माझ्या श्वासाच्या मधल्या जागेत बसणारा, दुसरा एक श्वास.

९

मी फार वेळ बसले असेन. कळा येत होत्या आणि जात होत्या. पोट त्यांच्याबरोबर घट्ट व्हायचं आणि मग नुसतं जड, मुकं. मांडीवर स्वेटर उबदार होता. त्याच्या पाठीखाली माझा हात होता, आणि पाठ वर येत होती, खाली जात होती.

तेव्हा मला एक गोष्ट स्पष्ट दिसली. नवस कशासाठी होता? बाळासाठी. बाळ कुठं आहे? मग नवस मोडला तर मोडला. दिलेलं परत मागितलं असं होतं ना? मग तेच करायचं होतं. मला परत मागायचं होतं. पाप लागेल ते माझ्या वाट्याला लावून घेईन. मी देवाकडं पाहिलं, म्हटलं, "चुकले. पण मला माझं परत दे."

सुई फाशातून काढली आणि धागा ओढला.

विणायला जेवढा वेळ लागतो तेवढा उसवायला लागत नाही. सुर्रकन एक फेरा गेला. राणी रंगाचा धागा वळवळत पाटावरून खाली पडू लागला. दुसरा फेरा. तिसरा. आणि पोटात, खोल, काहीतरी फिरलं.

मी तोंडावर हात धरला. आणखी ओढलं. निळा सुरू झाला. बरगडीखाली टाच लागली, खरी, ओळखीची. मी रडत होते आणि ओढत होते. "ये," मी म्हणत होते, "ये, ये माझ्या राजा, ये." स्वेटर माझ्या मांडीवर थोडा थोडा गार होत होता. बाहीच्या तोंडातून काही बाहेर आलं नाही. बाही आखडत गेली आणि जे काही तिच्यात होतं ते तिच्याबरोबर आत आत सरत गेलं.

खाली रिक्षा थांबल्याचा आवाज आला. धोंडुबाईचा आवाज आला, आणि ह्यांचा. ते एकदम दोन पायऱ्या चढत होते.

कोपरापाशी धागा अडला.

गाठ असेल म्हणून मी झटका दिला. धागा ताणला, आणि मग आतून ओढला गेला. जोरात नाही. हातातलं खेळणं कुणी काढून घ्यायला लागलं की लेकरू धरून ठेवतं, तेवढ्याच जोरानं. मी पुन्हा ओढला. त्यानं पुन्हा धरला. पोटातलं थांबलं. मी गाठ सोडवायला बाहीत बोट घातलं.

पाच बोटांनी माझं बोट धरलं.

ओली, मऊ, इतकी लहान की माझ्या बोटाभोवती पुरती मिटतही नव्हती. नखं होती. मी हिसडा दिला असता तर सुटलं असतं. एवढाच जोर होता त्याला. एक हिसडा, आणि धागा, आणि कदाचित पोटातलं सगळं पुन्हा हललं असतं. मला ते कळत होतं. ह्यांच्या चपला दारात वाजल्या तेव्हाही कळत होतं.

"रुद्राणी, ऊठ. खाली गाडी हाय," हे म्हणाले. त्यांना धाप लागली होती.

"येते," मी म्हणाले. "यानं बोट सोडलं की येते."

हे पुढं आले, मला उचलायला वाकले आणि तसेच राहिले. कोण, असं त्यांनी विचारलं नाही. ते माझ्या मांडीकडं बघत होते. मागून धोंडुबाई म्हणत होती, "मालक, उचला की, बगता काय?" पण ते उंबऱ्याकडं दोन पावलं मागं सरले आणि तिथंच खाली बसले.

मी दुसऱ्या हातानं पोट चाचपलं. मग तो हात बाहीवर ठेवला आणि हलकेच थोपटू लागले. झोप लागली की पकड सैल होते लेकरांची. एवढ्या वेळात काही होत नाही.